रान कोणाचे, बंदूक कोणाची?

श्रोतेहो, पीक हातातोंडाशी आले की शेतकऱ्याची झोप उडते. माळ्यावर बसायचे, डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, शेकोटी विझू द्यायची नाही. एवढे करून पहाटे जरा डोळा लागावा, आणि तेवढ्यात डुकरांच्या कळपाने शेतात शिरून भुईमुगाची नांगरट करून जावे! ही कथा मी तुम्हांला सांगायला नको. पण आज ज्या शेतकऱ्यांची हकीकत सांगणार आहे ते आपल्याकडचे नव्हेत, युरोपातले. त्यांच्याही शेतात डुकरे आणि हरणे शिरत. पीक डोळ्यांदेखत जाई, पण जनावराला मारायची मात्र चोरी. कारण जनावर रानातले असले तरी ते राजाचे किंवा जहागीरदाराचे!

दक्षिण जर्मनीत मेमिंगेन नावाचे गाव आहे. १५२५ साली तिथे शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनी आपल्या मागण्यांची एक यादी केली. ती ‘बारा कलमे’ या नावाने इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यातले चौथे कलम शिकारीचे. गरीब माणसाला रानातले जनावर, पाखरू किंवा वाहत्या पाण्यातला मासा धरायचा हक्क का नाही, असे त्यांनी विचारले. मुकी जनावरे आमचे पीक खातात आणि आम्ही मुकाट बसायचे, हा कुठला न्याय, असा त्या कलमाचा मथितार्थ होता. उत्तर मिळाले तलवारीचे. ते बंड मोडले गेले आणि हजारो शेतकरी मारले गेले. प्रश्न मात्र तसाच उरला.

आता या हकीकतीत एक रायफल येते. अमेरिकेतल्या घोडेस्वारांचे बोलपट ज्यांनी पाहिले असतील त्यांना ती चटकन आठवेल. या रायफलीच्या चापाभोवती जे लोखंडी कडे असते, तेच मागे लांबवून त्याची तरफ केलेली असते. पहारीने धोंडा उलथताना आपण जी युक्ती वापरतो तीच इथे आहे. बोटे कड्यात घालून तरफ खाली ढकलली की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि घोडा चढतो. तरफ वर ओढली की नवे काडतूस जागेवर बसते. काडतुसे असतात नळीच्या खाली बसवलेल्या एका लांब नळकांड्यात, एकामागे एक, बाजाराला निघालेल्या गाड्यांसारखी. दस्ता खांद्यावरून न काढता पुन्हा बार टाकता येतो, हा तिचा गुण.

ही बनावट मूळची अमेरिकेची. बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० साली तिचे पेटंट घेतले. त्याच्या रायफलीच्या नळकांड्यात सोळा काडतुसे मावत. ठासणीच्या बंदुकीतून मिनिटाला दोन-तीन बार निघत त्या काळातली ही गोष्ट आहे, म्हणजे केवढी उडी, बघा! पुढे विंचेस्टर कंपनीने १८६६ आणि १८७३ साली तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. जॉन ब्राउनिंग या नामांकित कारागिराने आखलेला १८९४ चा नमुना तर घरोघर गेला. त्याच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली बनल्या. अमेरिकेत रानातले जनावर जहागीरदाराचे नव्हते. ज्याच्याजवळ बंदूक, त्याने हरीण मारून घरी न्यावे. म्हणून ही हलकी, चपटी, खोगिराला अडकवायला सोयीची रायफल तिथल्या शेतकऱ्याचे रोजचे हत्यार झाली. या मोकळेपणाची किंमत मात्र तिथल्या मूळ रहिवाशांनी आणि गव्यांच्या कळपांनी मोजली, हेही विसरून चालणार नाही.

मग ही रायफल समुद्र ओलांडून युरोपात कशी आली? तिचा मोठा गाजावाजा झाला तो शिकारीत नव्हे, लढाईत. १८७७ साली रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध जुंपले. आजच्या बल्गेरियातल्या प्लेव्हना गावी उस्मान पाशा मातीचे मोर्चे बांधून बसला होता. त्याच्या शिपायांजवळ लांब पल्ल्याच्या पीबॉडी-मार्टिनी रायफली होत्या, आणि शत्रू जवळ आला की चालवायला विंचेस्टर. २० जुलै, ३० जुलै आणि ११ सप्टेंबर असे तीन मोठे हल्ले रशियनांनी केले. तिन्ही वेळा त्यांचे अतोनात नुकसान झाले. शेवटी वेढा आवळून उपासमार केली, तेव्हा १० डिसेंबरला प्लेव्हना पडले. भराभर चालणाऱ्या बंदुकीपुढे उघड्या माळावरून चालून जाणे म्हणजे काय, हे युरोपातल्या सेनापतींना तिथे कळले.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्या युरोपाने हीच रायफल घेतली असेल. तसे झाले नाही. पोटावर पडून नेम धरणाऱ्या शिपायाला तरफ खाली ढकलायला जागा कुठली? जमीन आडवी येते. दुसरी अडचण गोळीची. १८९८ पासून फ्रान्सने आणि मग इतरांनी टोकदार गोळ्या आणल्या. नळकांड्यात काडतुसे एकामागे एक असतात. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टिकलीला टेकते. धक्का बसला तर नळकांड्यातच बार उडायचा! म्हणून या रायफलीत बहुधा बोथट गोळ्या वापराव्या लागतात, आणि बोथट गोळी लांबवर जाताना लवकर मंदावते. ब्राउनिंगने १८९५ साली नळकांड्याऐवजी पेटी बसवून ही अडचण दूर केली, आणि पहिल्या महायुद्धात रशियाने तशा जवळजवळ तीन लाख रायफली घेतल्या. पण तोवर जर्मनीच्या माउझरने मैदान मारले होते. दाराच्या कडीसारखा बोल्ट मागेपुढे सरकवायची ती रायफल. शिपाई जे वापरायला शिकला तेच त्याने पुढे शिकारीत वापरले.

पण खरे कारण याहून खोल आहे. ते यंत्रात नाही, रानाच्या मालकीत आहे.

युरोपात शिकारीचा हक्क फार हळूहळू सुटला. फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री क्रांतिकारकांच्या सभेने जमीनदारांचे खास हक्क रद्द ठरवले. त्यात शिकारीचा मक्ता होता आणि शेतकऱ्याचे दाणे टिपणारी कबुतरे पाळायचा मक्ताही होता! इंग्लंडमध्ये १७२३ च्या कायद्याने तोंडाला काळे फासून हरणे चोरणाऱ्याला फाशी ठेवली होती. तिथल्या कुळाला आपल्या शेतातले ससे मारायचा पक्का हक्क मिळायला १८८० साल उजाडले. जर्मनीत १८४८ च्या क्रांतीने शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकाला दिला. पण १८५० च्या प्रशियाच्या कायद्याने त्यात मेख मारली. सलग तीनशे मॉर्गेन, म्हणजे सुमारे १९० एकर जमीन असेल त्यानेच स्वतः शिकार करावी. लहान शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून त्यांवरची शिकार मक्त्याने द्यायची. शेतकऱ्याला मक्त्यातला हिस्सा मिळे, बंदूक मात्र शहरातून येणाऱ्या मक्तेदाराच्या हाती.

असा शिकारी रानात कसा वागेल? तो उंच मचाणावर बसतो, जनावर नीट पाहतो, त्याचे वय जोखतो आणि एकच बार टाकतो. जनावर पडले की त्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवून मान देतो. ही जर्मनीतली जुनी रीत. त्याला सोळा काडतुसे कशाला हवीत? त्याची आवडती बंदूक तिनळी, दोन नळ्या छर्ऱ्यांच्या आणि एक गोळीची. ससा उठो की हरीण, एकाच हत्यारात सोय. स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरावर सांबरासारखे मोठे हरीण दुरून टिपायचे असते, तिथेही बोथट गोळी कामाची नाही. म्हणून तरफेची रायफल युरोपात बराच काळ पाहुणीच राहिली. फिनलंडच्या साको कारखान्याने १९६० च्या दशकात ‘फिनवुल्फ’ नावाची तरफेची रायफल स्वतः बनवून पाहिली. इटलीत गार्दोने या बंदूककारांच्या गावी १९५९ साली सुरू झालेला उबेर्ती कारखाना जुन्या अमेरिकन रायफलींच्या हुबेहूब प्रती बनवू लागला. त्या बोलपटांतही झळकल्या.

मग चित्र पालटले, आणि ते पालटले रानडुकरांनी! युरोपात मक्याची लागवड वाढली, हिवाळे सौम्य झाले, ओक आणि बीच या झाडांना वरचेवर भरघोस फळ येऊ लागले. फ्रान्समध्ये १९७३-७४ च्या हंगामात सुमारे ३६,००० डुकरे मारली गेली होती. २०२० पर्यंत वर्षाचा आकडा सात लाखांच्या पुढे गेला. जर्मनीत २०१७-१८ साली तो आठ लाखांवर होता. एवढी डुकरे मचाणावर बसून आवरत नाहीत. हाका घालावा लागतो. हाकेकरी आणि कुत्री रान उठवतात, आणि डुक्कर पायवाट ओलांडते ते दोन-तीन सेकंदांत. इथे आखूड, चटकन खांद्याला लागणारी, दुसरा बार लगेच देणारी रायफल हवी, आणि अंतर पन्नास-साठ पावलांचे. तरफेच्या रायफलीसाठी हे अगदी सोयीचे रान!

कायद्यानेही नकळत तिला हात दिला. ब्रिटनमध्ये १९८७ साली हंगरफर्ड गावी एका माणसाने अनेकांना गोळ्या घातल्या. त्यानंतर १९८८ साली आपोआप भरल्या जाणाऱ्या जड रायफलींवर बंदी आली. तरफेची रायफल हाताने भरावी लागते, ती बंदीतून सुटली. जर्मनीत मात्र एक कसोटी आहे. डुकरावर झाडलेल्या गोळीत शंभर मीटरवर दोन हजार ज्यूल इतका जोर शिल्लक हवा, म्हणजे जनावर जखमी होऊन तडफडत पळणार नाही. १८९४ च्या रायफलीचे नेहमीचे काडतूस इथे बहुधा उणे पडते, म्हणून तिथले शिकारी जाड गोळीची काडतुसे घेतात.

या रायफलीला जपावेही लागते. तिचा घोडा बाहेर असतो. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी चढवलेला घोडा हळूच उतरवताना तो निसटला तर बार उडतो. म्हणून घोडा उतरवताना तोंड जमिनीकडे हवेच. हाक्यात शेजारच्या शिकाऱ्याच्या रांगेत बंदूक फिरवायची नाही, हा पहिला नियम. फ्रान्समध्ये तर २०१९ च्या कायद्याने अशा शिकारीत भडक रंगाचे जाकीट सक्तीचे केले आहे.

आता पुन्हा त्या मेमिंगेनच्या शेतकऱ्यांकडे वळू. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर या रायफलीने दिले का? नाही. बंदुकीने डुक्कर पडते, प्रश्न पडत नाही. उत्तर आले ते कागदावर. फ्रान्सने १९६८ च्या कायद्याने पिकाची नुकसानभरपाई ठरवली, आणि तिचा पैसा शिकाऱ्यांच्या परवान्यातून उभा केला. जर्मनीत रानाचा मक्ता घेणारा पिकाच्या नुकसानीची जबाबदारी बहुधा करारानेच उचलतो. ज्याला शिकारीचा आनंद हवा त्याने शेतकऱ्याचे नुकसान सोसावे, हा त्यामागचा न्याय. भरपाई किती आणि केव्हा, यावर तिथेही दरवर्षी वाद होतातच. पण शेतकरी मुकाट बसत नाही, त्याला दाद मागायला दार आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि पीकनुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करावा लागतो. वाट निराळी, पण प्रश्न तोच. गुरुजी, वर्गात युरोपचा नकाशा लावाल तेव्हा मेमिंगेन आणि प्लेव्हना ही दोन गावे मुलांना जरूर दाखवा, आणि मग विचारा, रानातले जनावर सगळ्यांचे असेल, तर त्याने खाल्लेले पीक एकट्या शेतकऱ्याचेच का? शेतकऱ्यांची मुले उत्तर द्यायला पुढे सरसावतील, याची मला खात्री आहे.