बारगीर, शिलेदार आणि जुनी मोटारसायकल

कोलकात्याच्या उत्तर टोकाला, गंगेच्या काठी, बागबाजार ही जुनी वस्ती आहे. तेथील एका गल्लीचे नाव ‘मराठा डिच लेन’ असे आहे. परप्रांतात आपल्या नावाची पाटी दिसली की मराठी माणसास हुरूप येतो. येथे मात्र तो जरा आवरावा लागतो. इ.स. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात शिरल्या, तेव्हा कोलकात्याच्या रहिवाशांनी धास्तीने, स्वखर्चाने खंदक खणावयास घेतला. बेत सुमारे सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीन मैल झाला, मराठे शहरावर आले नाहीत आणि काम तसेच राहिले. (सार्वजनिक बांधकामाच्या फायली हाताळलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) खेड्यापाड्यांतील रयतेला मात्र खंदक नव्हता. तिच्या हालांची आठवण बंगाली अंगाईगीतात ‘बर्गी’ या शब्दाने अद्याप टिकून आहे.

बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याचे घोडे सरकारी पागेतले, तो बारगीर. जो स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन चाकरीस येई, तो शिलेदार. शिलेदाराला मुशाहिरा अधिक मिळे, परंतु घोडे मेले तर नुकसान त्याचेच. भांडवल कोणाचे आणि जोखीम कोणाची, हा अर्थशास्त्रातील मूळ प्रश्न या दोन शब्दांत सामावला आहे. शिवछत्रपतींचा कल पागेकडे होता. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. घोडे विकत घेणे हा खर्चाचा आरंभ असतो, हे त्या व्यवस्थेस पुरते ठाऊक होते.

हे सारे आठवण्याचे निमित्त असे की, आमच्या कार्यालयातील एक तरुण सहकारी, मूळचा नागपूरकडचा, बागबाजारात खोली घेऊन राहतो. त्याला पहिली मोटारसायकल घ्यावयाची होती. ‘सर, गाडी आणि बाकीचे सामान मिळून पंचावन्न हजारांत बसवायचे आहे,’ असे तो म्हणाला. आजवर बस, मेट्रो आणि कार्यालयाच्या गाडीवर भागवणारा हा बारगीर आता शिलेदार होऊ पाहत होता.

जुने वाहन घेऊन चाकरीस लागण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हे. इंग्रजांनी शिलेदारी पद्धत आपल्या अनियमित घोडदळात उचलली. १८१७ साली उभे राहिलेले पूना हॉर्स त्यातलेच. रंगरूट घोड्यासाठी व सामानासाठी रक्कम भरी. त्या जागेस ‘असामी’ म्हणत. चाकरी सोडताना ती रक्कम परत मिळे. घोडे मेल्यास भरपाई करण्यासाठी पलटणीत वर्गणीचा निधी असे, म्हणजे एक प्रकारचा विमाच. पहिल्या महायुद्धात घोडी इतकी मेली की ही घडी विस्कटली आणि १९२१ च्या सुमारास पद्धत बंद झाली. सर्वांवर एकदम संकट आले की विमा बुडतो, हे पाठ्यपुस्तकांनी पुढे सांगितले.

स्वातंत्र्यानंतर निराळाच प्रकार झाला. स्कूटरच्या वाटपावर व विक्रीवर १९६० च्या आदेशाने सरकारी नियंत्रण आले. परवान्यापलीकडे उत्पादन करता येत नसे आणि बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. परिणामी वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या किमतीहून महाग विकली जाई! नवी वस्तू स्वस्त व जुनी महाग, हा चमत्कार केवळ प्रशासनच घडवू शकते, हे आम्हा मंडळींनी नम्रपणे मान्य करावे. १९८४-८६ च्या दरम्यान सुझुकी, होंडा, यामाहा व कावासाकी यांच्या सहकार्याने शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि ती रांग हळूहळू विरली.

आज रांग नाही, पण अज्ञान आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० च्या निबंधात जुन्या मोटारींचेच उदाहरण घेतले होते. गाडीचा दोष विकणाऱ्यास ठाऊक, घेणाऱ्यास नाही. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून उठतात. २००१ साली त्यांना नोबेल मिळाले. हे दुखणे अलाउद्दीन खलजीलाही माहीत होते. त्याने घोड्यांच्या प्रती ठरवून भाव बांधले, पहिल्या प्रतीस शंभर ते एकशेवीस टंके, आणि दलालांना बाजारातून हाकलले. घोड्यास डाग देण्याची व स्वाराचा ‘चेहरा’ लिहून ठेवण्याची पद्धतही होतीच. हजेरीला चांगले घोडे दाखवून लढाईला तट्टू आणू नये, एवढाच हेतू. आजचा डाग म्हणजे चासी व इंजिनावरील क्रमांक. ते नोंदणीपुस्तकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. खरवडलेला आकडा दिसला की गाडी कितीही देखणी असो, नमस्कार करून निघावे. कर्जाचा बोजा व दंडाची थकबाकी ‘वाहन’ संकेतस्थळावर दिसते.

कागदाच्या बाबतीत मी त्याला कठोरपणे सांगितले. नमुना २९ व ३० भरून नाव बदलल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे मानू नये. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवावयाचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, गाडी हातोहात कितीही विकली गेली तरी अपघाताच्या भरपाईस नोंदीतला मालकच जबाबदार. विकणाऱ्याने त्याची धास्ती घ्यावीच. घेणाऱ्यानेही समजावे की नोंद व पॉलिसी नावावर नसेल, तर चोरीची भरपाई मागताना तो परका ठरतो. बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी आणखी एक: दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक गाडी ठेवल्यास तेथे नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यासाठी नमुना २८ चे ना-हरकत पत्र मूळ कार्यालयाकडून आणावे लागते.

गाडी निवडताना एप्रिल २०१९ नंतर तयार झालेली पाहावी. तेव्हापासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान दोन्ही चाके एकत्र धरणारा ब्रेक आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचे झाले. उत्तर कोलकात्यात पावसाळ्यात पाणी तुंबते आणि ट्रामचे रूळ उरले आहेत तेथे ओले लोखंड चाकाला दगा देते. हजार-दोन हजार वाचवण्यासाठी ब्रेक सोडू नये. सुटे भाग मल्लिकबाजारात स्वस्त मिळतात. आरसा, पायटेकू खुशाल तेथून घ्यावे. ब्रेकचे लायनर नवेच घ्यावे.

सामानात त्याची ओढ जॅकेटकडे होती आणि हेल्मेट पदपथावरचे घेण्याकडे कल होता. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघतात, तेव्हा शिरस्त्राणाविषयी मराठी माणसाला उपदेश करणे धाडसाचेच. तरी सांगितले: वापरलेले जॅकेट, हातमोजे, बूट चालतील, वापरलेले हेल्मेट चालणार नाही. आतला थर्मोकोलसारखा थर आघात सोसून एकदाच चेपतो, आणि चेपलेला आहे की नाही हे अस्तराखाली दिसत नाही. पदपथावरच्या पुष्कळ टोप्यांत तर तो थरच नसतो, नुसती खोगीरभरती. जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. परंतु चिन्हही खोटे छापता येते, म्हणून पावती देणाऱ्या दुकानातून घ्यावे. पंचावन्नांपैकी चार हजार प्रथम हेल्मेटसाठी बाजूला ठेवावेत, सहा हजार टायर, साखळी व तेलपाण्यासाठी, काही रक्कम विमा व नोंदणीसाठी, आणि उरेल त्यात गाडी शोधावी, असा क्रम मी सुचवला. ‘सर, मग गाडी एक नंबर खालची येईल,’ तो म्हणाला. येईल, मी म्हणालो.

त्याने शेवटी सव्वाशे सीसीची, एका निवृत्त शिक्षकाची गाडी बेचाळीस हजारांना घेतली. नोंदणीपुस्तकावर नाव चढेपर्यंत ती खोलीखालच्या बोळात झाकून उभी होती, आणि हेल्मेट मात्र आधीच आणून खुंटीला लावलेले होते.