आईचा वाटा, बापाचा वाटा



मूल किरकोळ जन्मले की पहिला बोल आईला लागतो. हा बोल कितपत न्याय्य आहे, हे उंदराच्या गर्भावरील संशोधनाचा इतिहास सांगतो.

ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ साली वाटाण्यावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांवरून पुढे अशी समजूत दृढ झाली की, जनुक आईकडून येवो वा बापाकडून, त्याचा प्रभाव सारखाच. १९८४ साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि फिलाडेल्फियात जेम्स मॅक्ग्रा व डाव्होर सोल्टर यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह ही समजूत पारखून पाहिली. नुकत्याच फळलेल्या अंड्यात आईचे व बापाचे केंद्रक काही तास वेगवेगळे असते. त्यांची अदलाबदल करून काही अंड्यांत दोन्ही केंद्रके आईकडचीच, तर काहींत बापाकडचीच ठेवण्यात आली. जनुकांची संख्या पुरी होती. तरी अशा अंड्यांतून एकही पिल्लू जन्मास आले नाही. एकेक केंद्रक दोघांकडचे होते, तेथे मात्र पिल्ले जन्मली.

असे का व्हावे? गर्भाच्या वाढीस चालना देणारी काही प्रथिने असतात. त्यांना वृद्धिघटक म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोतील संशोधकांनी १९८८ साली दाखवून दिले की, गर्भाशयाला चिकटण्यापूर्वीच तो इवलासा गर्भ अशा घटकांची जनुके स्वतः चालवू लागतो.

१९९१ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील थॉमस डिकियारा, एलिझाबेथ रॉबर्टसन व आर्गिरिस एफ्स्ट्रॅटियाडिस यांनी अशाच एका घटकाविषयीचा शोध प्रसिद्ध केला. ‘इन्शुलिनसदृश वृद्धिघटक दोन’ याचे जनुक त्यांनी उंदरात निकामी केले. बिघडलेली प्रत बापाकडून आली, तर पिल्लाचे वजन नेहमीच्या सुमारे ६० टक्केच भरे. आईकडून आली, तर काहीच फरक पडत नसे. म्हणजे आईने दिलेली प्रत धडधाकट असूनही गर्भात बहुतेक ठिकाणी मूकच राहते! त्याच वर्षी व्हिएन्नात डेनिस बार्लो यांना ह्याच्या उलट उदाहरण सापडले. ह्याच घटकाला आवर घालणारे जनुक उंदरात आईकडून आलेलेच काम करते. एक चालना देतो, दुसरी आवर घालते. ह्या तोलातूनच पिल्लाची वाढ बेताची होते.

माणसाच्या गर्भातही ह्या घटकाची बापाकडील प्रतच मुख्यतः काम करते. सिल्व्हर-रसेल विकाराच्या कित्येक बालकांत तीच मंदावलेली आढळते, आणि ती बालके लहानखुरी जन्मतात. आईचे कुपोषण, आजार अशी इतर कारणेही असतात, हे खरे. तथापि गर्भाच्या वाढीचा हिशेब दोघांच्या वाट्यांचा आहे. तो एकटीच्या नावावर मांडणे हा अन्यायच होय.