खाशाबांचा अर्धा तास

हेडफोन लावून जिमला निघाला असाल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या बजाजनगरातून करतो, कारण भानगड माझीच झाली होती.

मी सॉफ्टवेअरवाला. दिवसभर कोड, रात्री साडेनऊला परदेशातल्या टीमबरोबर कॉल. गेल्या वर्षी ठरवलं, बॉडी करायचीच. आठवड्यातून सहा दिवस जिम. संध्याकाळी सातला प्री-वर्कआउटचा स्कूप, नंतर व्हे, वर क्रिएटिन. दोन महिने एकदम भारी गेले. तिसऱ्या महिन्यात गाडी उलटी फिरली. बेंच प्रेस ७० किलोवरून ६० वर आला. सकाळी उठल्या उठल्या नाडी ६२ असायची, ती ७८ लागायला लागली. रात्री दोनपर्यंत डोळ्याला डोळा नाही. आणि मी काय केलं? एका स्कूपचा दीड केला! एका रविवारी स्क्वॉट मारताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि रॅक धरून खालीच बसलो. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट बघितले आणि एवढंच विचारलं, "झोपता किती?"

घरी आल्यावर पप्पांनीही तेच विचारलं. त्यांनी वाळूज एमआयडीसीत तीस वर्षं शिफ्ट केल्या. म्हणाले, "अरे, मी थर्ड शिफ्ट करून यायचो तेव्हा तुझी आई गल्लीतल्या पोरांना गप्प करायची. झोपलो नाही तर दुसऱ्या दिवशी मशीनवर हात जाईल, हे तिला माहीत होतं. झोप ही पण ड्युटीच असते रे."

तेव्हा मला खाशाबा जाधव आठवले.

कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावा आला. आयुष्य लाल मातीत गेलेलं, आणि तिथं लढायचं मॅटवर. १९५२ ला हेलसिंकीला जायचं होतं, पण पैसे नव्हते. गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. डोक्यावर एवढं ओझं घेऊन हा माणूस बँटमवेट गटात लढला आणि ब्राँझ जिंकला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आता त्यातली एक गोष्ट नीट ऐका. जपानच्या शोहाची इशीबरोबर त्यांची कुस्ती लांबली, अंग पिळवटून निघालं. आणि लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोवसमोर उभं राहायला सांगितलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान ३० मिनिटं विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला तिथं एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशीला सोनं मिळालं, ममादबेयोवला चांदी.

विचार करा. ताकद होती, डाव होते. तीस मिनिटं तेवढी मिळाली नाहीत.

खाशाबा ज्या तालीम परंपरेतून आले, तिथं हे गणित पक्कं होतं. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना राजाश्रय दिला, राहण्या-खाण्याची सोय केली, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी ही तालमींची नावं आजही आदरानं घेतात. आपल्याला त्यातलं काय लक्षात राहतं? खुराक! बदाम, खसखस, बडीशेप, मिरी वाटून केलेली थंडाई, तूप, तांब्याभर दूध. पण तालमीचा दिवस नीट बघा. पहाटे मेहनत, मग खाणं, मग दुपारची गाढ झोप, संध्याकाळी परत मेहनत, रात्री लवकर आडवं व्हायचं. दमलेल्या पैलवानाचं अंग दुसरा पैलवान रगडून देतो. आणि आज कुणी किती लढायचं हे वस्ताद ठरवतो. पोराचा चेहरा उतरलेला दिसला तर जोर कमी करायला लावतो. आपल्या घड्याळातलं ॲप जे सांगतं, ते वस्ताद नुसतं बघून सांगायचा.

आपण काय केलं? खुराक डब्यात भरून घरी आणला, दुपारची झोप आणि वस्ताद तालमीतच सोडून आलो.

यामागचं शास्त्र मांडलं हान्स सेल्ये या संशोधकानं. १९३६ मध्ये त्यानं 'नेचर'मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांचा छोटा लेख छापला. थंडी असो, अतिश्रम असोत की औषधाचा मारा, शरीर साधारण एकाच पद्धतीनं उत्तर देतं. आधी धोक्याची घंटा, मग जुळवून घेणं, आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी ढासळणं. व्यायाम म्हणजे मुद्दाम घेतलेला ताण. आपण मोठे होतो ते जुळवून घेण्याच्या काळात, म्हणजे जिमच्या बाहेर. आणि स्क्वॉटचा ताण, क्लायंटचा ताण, कर्जाचा ताण असे तीन वेगळे खाते शरीर उघडत नाही. सगळं एकाच खात्यात जातं.

मग सप्लिमेंट वाईट का? नाही हो. क्रिएटिन १८३२ मध्ये शेव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञानं मांसाच्या अर्कात शोधलं. तोंडावाटे घेतलं की स्नायूंमधला साठा वाढतो, हे १९९२ मध्ये प्रयोगानं दाखवलं गेलं. दिवसाला ३ ते ५ ग्रॅम पुरतं. व्हे म्हणजे चीज करताना उरणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन. आई पनीर करून जे पाणी कणकेत घालते, त्याचाच भाऊबंद. घोळ माझ्या प्री-वर्कआउटमध्ये होता. एका स्कूपमध्ये ३०० मिलिग्रॅम कॅफीन. ते निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सातला घेतलं की रात्री बारालाही १५० मिलिग्रॅम अंगात, दीडेक कप कॉफीएवढं! मी थकवा घालवत नव्हतो, लपवत होतो.

डब्यात काय आहे, हाही प्रश्न आहेच. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवच्या नमुन्यात २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी मेटँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं, असं त्याचं म्हणणं होतं. नाडानं त्याला मोकळं केलं, पण ऐन लढतीच्या तोंडावर क्रीडा लवादानं ते म्हणणं नाकारलं आणि चार वर्षांची बंदी घातली. खरं-खोटं काही असो, आपल्या तोंडात काय जातंय याची जबाबदारी शेवटी खेळाडूचीच धरली जाते. आपण स्पर्धा खेळत नाही, पण शरीर तर आपलंच आहे ना? कुणी सुटा, बिनलेबलचा डबा स्वस्तात देत असेल तर हात जोडा आणि पुढे व्हा.

मी आता आठवड्यातून चार दिवस जातो. दर पाचवा-सहावा आठवडा हलका. प्री-वर्कआउट बंद, क्रिएटिन चालू. सकाळी नाडी जास्त लागली तर त्या दिवशी वजनं नाहीत, फक्त चालणं. रात्रीचा कॉल आठवड्यात दोनच दिवस ठेवा, असं मॅनेजरला सांगितलं. बोलताना घाबरलो होतो, पण ते तयार झाले. खाशाबांच्या बाजूनं अर्धा तास मागायला कुणी नव्हतं. आपला आपल्याला मागता येतो.

बेंच परत ७० वर यायला तीन महिने लागले. पप्पा रोज रात्री साडेदहाला माझ्या खोलीचा लाइट बघून जातात. चालू दिसला की दारातूनच म्हणतात, "ड्युटीला उशीर झाला बरं का."

चला, आज इथंच थांबतो. हा भाग रात्री ऐकत असाल तर फोन ठेवा आणि झोपा. भेटू पुढच्या भागात!