सामना रंगतो तेव्हा

रेडिओला कान लावून बसलेल्या माणसाला रंग दिसत नसे. तरी संध्याकाळी कट्ट्यावर तोच सांगायचा, 'आज सामना काय रंगला!' दुसऱ्या दिवशी काळ्या शाईतलं वर्तमानपत्रही तेच छापायचं. मराठीत सामना रंगतो, मैफल रंगते, कीर्तन रंगतं, गप्पा रंगतात आणि विडाही रंगतो. यांपैकी डोळ्यांना दिसणारा रंग फक्त विड्याचा. मग बाकीच्यांना चढतो तो कोणता?

हा प्रश्न मला पडला तो मोबाइलवर क्रिकेटचं एक संकेतस्थळ उघडल्यावर. अर्धा पडदा एका संघाचा निळा, अर्धा दुसऱ्याचा पिवळा, मधून तिरपी चमकती रेघ, दोन कर्णधार एकमेकांकडे रोखून बघणारे. चित्र देखणं होतं, पण मला हवा असलेला आकडा सापडायला तीनदा बोट फिरवावं लागलं. रंग भरपूर होता, रंगत नव्हती. हे दोन शब्द मराठीनं वेगळे ठेवले आहेत याचं त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

दोन्हींचं मूळ एकच, संस्कृतातला रञ्ज् धातू. रंगवणं, लाल होणं, मन गुंतणं, असे त्याचे अर्थ. रक्त, राग, अनुराग, विरक्त, रंजन, कपडे धुणारा रजक, ही सारी त्याच घरची माणसं. 'रंग' या शब्दाला मात्र संस्कृतात आणखी एक अर्थ आहे, जो आपण 'रंगभूमी' म्हणताना विसरून गेलेलो असतो: खेळाची, झुंजीची जागा. भागवताच्या दशमस्कंधात कंस कुस्त्यांसाठी जो रंग सजवतो, त्यात माळा, पताका आणि तोरणांनी नटलेले मंच आहेत. लोकांनी यावं आणि बघत राहावं, याची सगळी तयारी तिथे आहे. आत शिरण्याच्या जागेला रंगद्वार म्हटलं आहे. तिथेच कुवलयापीड हत्ती कृष्णाला आडवा येतो. चाणूर-मुष्टिक या मल्लांशी झुंज होते ती रंगात. महाभारताच्या आदिपर्वातही कुरुकुमारांचं अस्त्रकौशल्य लोकांना दाखवायचं ठरतं, तेव्हा द्रोणाचार्य जागा मोजून घेतात आणि कारागीर तिथे प्रेक्षागार उभारतात. म्हणजे आज आपण नाटकाला दिलेले रंगभूमी आणि प्रेक्षागृह हे दोन्ही शब्द एके काळी खेळाच्या मैदानावरही तितक्याच हक्कानं वावरत होते.

प्रेक्षक म्हणजे प्र आणि ईक्ष्, नीट निरखून बघणारा. त्याला नीट दिसलं पाहिजे, ही काळजी भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात घेतली आहे. मध्यम आकाराचं नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असावं. त्याहून मोठं केलं तर नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत आणि शब्द नीट ऐकू येत नाहीत, असं त्यांचं कारण. बघण्याच्या जागेची रचना बघणाऱ्याच्या डोळ्यावरून ठरवायची, हा विचार मला आजही पुरेसा वाटतो.

कोल्हापूरचं खासबाग मैदान बघितलं की तो विचार दगडामातीत उतरलेला दिसतो. राजर्षी शाहू महाराजांनी बांधवलेलं हे मैदान १९१२ मध्ये पुरं झालं. मधोमध हौदा, भोवती चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. हौद्यातल्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद कालवतात. जोड लागली की दोन्ही मल्ल त्या मातीनं एकाच रंगाचे होतात आणि हलगीचा ठेका वाढतो तसा फड रंगतो. 'फड' हा शब्दही पाहा: कुस्त्यांचा फड, तमाशाचा फड, उसाचा फड. जिथे दाटी होते तो फड. आणि गावोगावच्या कुस्ती मैदानांची भित्तिपत्रकं ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे, वर पहिल्या क्रमांकाची कुस्ती, दोन्ही मल्लांचे समोरासमोर फोटो, खाली उतरत्या क्रमानं बाकीच्या जोडी आणि इनामाची रक्कम. खेळाच्या संकेतस्थळाचं पहिलं पान कसं मांडावं याचा धडा या पत्रकात आहे: आधी लढत, मग नावं, मग पणाला काय लागलं आहे ते.

खेळ आणि देखावा यांत आपल्या भाषेनं भिंत घातलीच नाही. नाटकाचा खेळ, सर्कशीचा खेळ, सिनेमाचा शेवटचा खेळ. 'तमाशा' हा मूळचा अरबी शब्द. त्याचा आधीचा अर्थ बरोबरीनं चालणं, फिरणं. मग फिरून बघणं, मग जे बघायचं ते, आणि फारसीतून मराठीत आल्यावर ढोलकी-तुणतुण्यासह उभा राहिलेला एक अख्खा कलाप्रकार.

मात्र खेळाकडे माणूस खेचला जातो तो देखाव्याइतकाच आकड्यानं. इंग्रजी 'स्कोअर' या शब्दाची गोष्ट मला म्हणूनच आवडते. जुन्या नॉर्स भाषेतला हा शब्द. अर्थ, काठीवर पाडलेली खाच. गुरं-मेंढरं मोजताना विसावर एक खाच, म्हणून स्कोअर म्हणजे वीसही. आपली कोडीही विसाचीच. अठराव्या शतकात इंग्लंडात क्रिकेटच्या धावाही काठीवर खाचा पाडून मोजत, आणि धावेला खाच असंच म्हणत. म्हणजे धावसंख्या आधी डोळ्यांना दिसणारी, बोटांना लागणारी खूण होती. आकडा नंतर आला.

ती खूण मैदानावरच्या सगळ्यांना दिसावी म्हणून लॉर्ड्सवर १८४६ मध्ये धावफलक लागला; त्याला तेव्हा 'टेलिग्राफ' म्हणत. १८४८ पासून तिथे छापील धावपत्रिका विकायला आली. ॲडलेड ओव्हलचा १९११ सालचा, हातानं फिरवायचा धावफलक अजून उभा आहे. आपण त्याला 'फलक' म्हटलं, हे छान झालं. संस्कृतात फलक म्हणजे लाकडी पाट आणि ढालही. त्याच कुळात शाळेतला फळा, कपाटातली फळी, फौजेची फळी आणि दोन फळ्या झाल्या की दुफळी. 'मधली फळी कोसळली' असं वाचताना फौजेची ओळ डोळ्यांसमोर येते, आणि ही बातमी जिथे लागते तोही फलकच. सांगणारा आणि कोसळणारा एकाच लाकडाचा.

शब्दातून चित्र निघाल्याचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. शून्याच्या गोलात इंग्रजांना बदकाचं अंडं दिसलं, आणि शून्यावर बाद होणं म्हणजे 'डक' झालं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या चॅनल नाइननं दूरचित्रवाणीवर बाद फलंदाजाबरोबर रडत चालणारं बदकच सोडलं. आपल्याला त्याच गोलात भोपळा दिसला. 'भोपळाही फोडता आला नाही' यात किती मराठी स्वयंपाकघर आहे! मराठी संकेतस्थळावर मात्र शून्यापाशी भोपळा काढलेला मी अजून पाहिला नाही. बदक उसनं घेतलेलं पाहिलं आहे.

रंगीत कपडे आले तेही बघणाऱ्यासाठी. त्याच चॅनल नाइनचे मालक केरी पॅकर यांनी १९७७ मध्ये वर्ल्ड सिरीज क्रिकेट सुरू केलं. प्रकाशझोतात दिसावा म्हणून चेंडू पांढरा झाला. पांढऱ्या कपड्यांवर पांढरा चेंडू हरवू लागतो, तेव्हा रंगीत पोशाखाला कारण मिळालं. विश्वचषकात तो १९९२ साली आला. इथे रंग दिसण्याच्या कामी आला, आणि म्हणून टिकला.

१९९३ मध्ये सायमन किंग यांनी इंटरनेटवर क्रिकइन्फो सुरू केलं. सुरुवातीच्या त्या धावपत्रिका म्हणजे नुसती अक्षरं. एकाखाली एक नीट बसवलेली नावं आणि आकडे. ना चित्र, ना रंग. तरी अमेरिकेत शिकणारी आपली मुलं त्या अक्षरांपुढे रात्र रात्र बसत. आकडे सरळ रांगेत होते, आणि पुढचा आकडा येणार होता. रंगत याहून वेगळी नसते.

मराठीत असं पान रचताना काही गोष्टी जपायला हव्यात असं मला कळकळीनं वाटतं. लहान आकारात १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. १९ आणि ९१ यांत सामन्याचा निकाल फिरतो. आपल्या अक्षरांना वर रफार आणि मात्रा, खाली उकार. रोमन लिपीच्या मापाच्या चौकटीत मथळा कोंबला की 'सूर्यकुमार'मधला रफार चौकटीबाहेर तुटतो आणि उकार खालच्या ओळीत बुडतो. वाचक ते नाव दोनदा वाचतो, तेवढ्यात चेंडू पडून गेलेला असतो.

'संकेतस्थळ' हा शब्द तर आपण काव्यातून उचलला आहे. संकेत म्हणजे प्रेमिकांनी आधी ठरवलेली भेट; संकेतस्थळ म्हणजे ती भेटीची जागा. तिथे अभिसारिका अंधारातून जाते. तो आलाच नाही, तर ती विप्रलब्धा, फसवली गेलेली. मोठा मथळा लावून वाचकाला बोलवायचं आणि धावसंख्या जाहिरातींच्या खाली दडवायची, या प्रकाराला याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

भारतातली कसोटी सकाळी साडेनऊला सुरू होते, तेव्हा न्यू जर्सीत हिवाळ्यात रात्रीचे अकरा वाजलेले असतात. घर झोपलेलं, दिवा मालवलेला, आवाज बंद. हातात फोन, त्यावर एक आकडा आणि त्याच्या शेजारी लुकलुकणारा लाल ठिपका. तिकडे गोलंदाज आपल्या खुणेकडे चालत निघालेला असतो.