टीव्हीची कड कुठं गेली?

आपल्या केळझरमध्ये काही घरी अजून जुना पेटीवाला टीव्ही आहे. त्यावर खालच्या पट्टीतले कापसाचे भाव अर्धेच दिसतात. गटातल्या एकीनं तर अर्धा आकडा वाचून कापूस काढला! पण संच बिघडलेला नसतो. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्या काळापासून काचेच्या नळीचे संच चित्र मुद्दाम पडद्याहून थोडं मोठं काढत. विजेचा दाब उतरला की चित्र आकसायचं. काळी कड दिसू नये म्हणून ही सोय. अक्षरं तेव्हा कडेपासून आत ठेवत. आताची चित्रं रुंद पडद्यासाठी असतात. सेट टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये ४:३ आणि ‘लेटरबॉक्स’ निवडा. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या; भावाची ओळ वर सरकेल. मागचं झाकण मात्र उघडू नका, बंद संचातही वीज साठून राहते.