नाव घ्यायचं की नाही?

गेल्या महिन्यात ऑफिसात एक फॉर्म बनवत होतो. त्यात 'पतीचे नाव' असा रकाना होता. सवयीने त्याला लाल चांदणी लावून टाकली, म्हणजे नाव भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. टेस्टिंग करणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "हे कशाला हवंय रे आपल्याला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुन्या डेटाबेसमध्ये रकाना होता म्हणून, एवढंच!

आणि एकदम पेणची आजी आठवली.

१९६१ची शिरगणती. आपला रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता (नाव बदललं १९८१ मध्ये). शाळेतले मास्तर कागद घेऊन ओटीवर आले. माणसं किती, वयं काय, शिकलंय कोण, सगळं आजीने सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारल्यावर मात्र गप्प. हळदीकुंकवाला उखाण्यात नाव घेणं वेगळं, परक्या माणसासमोर कसं घ्यायचं? शेवटी धाकट्या दिराने आतून ओरडून सांगितलं. आम्ही पोरं या गोष्टीवर पोट धरून हसायचो.

परवा शनिवारी जनगणना कायदा, १९४८ वाचायला घेतला आणि हसू पळालं. कलम ८ म्हणतं, विचारलेल्या प्रश्नाला आपल्या माहितीप्रमाणे उत्तर देणं बंधनकारक आहे. संमतीबिमती काही नाही. पण त्याच कलमात पुढे सवलत आहे: कुठल्याही स्त्रीवर नवऱ्याचं, किंवा रूढीने जे नाव घेता येत नाही असं कुणाचंही नाव सांगायची सक्ती नाही! म्हणजे आजी गप्प बसली ते कायद्याला धरूनच होतं. त्या कायद्यात तिच्यासाठी ऑप्शनल रकाना होता, माझ्या फॉर्ममध्ये नव्हता.

कलम १५ आणखी पुढे जातं. जनगणनेच्या नोंदी बघायचा हक्क कुणालाही नाही, आणि दिवाणी दाव्यात त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. भावकीच्या भांडणात "शिरगणतीत काय लिहिलं होतं ते काढा" म्हणायची सोय नाही. सरकारने उत्तर सक्तीने घेतलं, पण स्वतःचे हातही बांधून घेतले.

कुलाबा जिल्हा आणि आकडेवारी म्हटलं की एक नाव घ्यावंच लागतं (हे घ्यायला हरकत नाही :-)). रोह्याचे चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री. महालनोबिसांची राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली, तिच्यामागे चिंतामणराव उभे होते. ते अर्थमंत्री असताना, १९५३ मध्ये, संसदेने सांख्यिकी संकलनाचा कायदा केला. तो मुख्यतः कारखाने आणि धंद्यांसाठी. तिथेही तोच न्याय होता: माहिती द्यावीच लागायची, पण कुणाची ते ओळखू येईल अशी छापायची तर मालकाची लेखी संमती लागायची.

तर सांगायचा मुद्दा असा. आपण समजतो की संमती घेतली की झालं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमती आहे, आणि ती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी, समजून दिलेली हवी असं म्हटलंय. शिवाय वैद्यकीय आणीबाणी, कोर्टाचा आदेश अशा काही कामांना संमतीशिवाय माहिती वापरता येते. आधार कुठलाही असो, खरा प्रश्न पुढचा आहे: घेतलेल्या माहितीचं तुम्ही काय करणार *नाही*, हे आधी कबूल केलंय का? १९४८च्या कायद्याने ते केलं होतं. मी बनवलेल्या 'आय ॲग्री'ने आजवर एकदाही केलं नाही. संमती मिळायची, कारण नाही म्हटलं तर ॲप उघडायचंच नाही. याला संमती म्हणायचं तर आजीच्या दिराने ओरडून सांगितलेलं नाव हीसुद्धा आजीची संमतीच!

२०२१ची जनगणना लांबली. नवीन जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ जाहीर झालाय आणि यावेळी माहिती मोबाईलवर भरली जाणार आहे. म्हणजे कुणीतरी आपल्यासारख्यानेच तो फॉर्म लिहिला असणार. कलम ८ वाचून लिहिला असेल अशी आशा करूया.

असो. सोमवारी मी ती चांदणी काढायला गेलो आणि रकानाच काढून टाकला. काहीही बिघडलं नाही.