कापूस वऱ्हाडचा, तबकडी मुंबईची

आर्वीच्या बाजारातला कापूस मुंबईकडे निघायचा तो पुलगावमार्गे. 1917 साली पुलगाव-आर्वी ही 35 किलोमीटरची छोटी रेल्वे सुरू झाली आणि बैलगाड्यांचे हाल कमी झाले. जिनिंगमध्ये सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या. वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्याचा बराचसा कापूस असाच बाहेर गेला. पिकवायचा इथे, कापड मुंबईत किंवा सातासमुद्रापार. गाण्याचंही पुढे नेमकं हेच झालं, पण त्याचा हिशेब फारसा कुणी मांडला नाही.

या भागातल्या कापसाला भाव आला तोच मुळी अमेरिकेतल्या यादवीमुळे. 1861 ते 1865 या काळात तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरं अडवली गेली, मँचेस्टरच्या गिरण्या अडल्या आणि व्यापाऱ्यांची नजर खामगाव, हिंगणघाटकडे वळली. लगोलग, 1867 मध्ये, मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोचला. दोन दूरचे प्रदेश एकाच पिकाने असे बांधले गेले. दोन्हीकडे काळी माती, दोन्हीकडे सावकारी, आणि दोन्हीकडे राबणाऱ्या माणसाला गाण्याचा आधार.

त्या अमेरिकी कापूसपट्ट्यात शंभर वर्षांनी एक विलक्षण गोष्ट घडली. मेम्फिस हे कापसाच्या व्यापाराचं मोठं शहर. तिथे मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं एक बंद पडलेलं चित्रपटगृह 1960 मध्ये जिम स्ट्युअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी भाड्याने घेतलं आणि आतच ध्वनिमुद्रण सुरू केलं. ती स्टॅक्स कंपनी. प्रेक्षकांच्या जागेतली उतरती जमीन तशीच राहिली, खाद्यपदार्थ विकायच्या जागी रेकॉर्डचं दुकान थाटलं. वस्तीतली पोरं दुकानात यायची, त्यातली काही आत गायला-वाजवायला जायची. तिकडे अलाबामात मसल शोल्स या छोट्या गावी रिक हॉलने फेम स्टुडिओ उभा केला. शेजारच्याच शेफिल्ड गावी पर्सी स्लेज या रुग्णालयात काम करणाऱ्या तरुणाने 1966 मध्ये गायलेलं प्रेमगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी अरीथा फ्रँकलिन फेममध्ये गाऊन गेली. चर्चमध्ये घडलेले काळ्या गायकांचे गळे आणि त्याच परिसरातले गोरे-काळे वादक यांच्यातून ‘सदर्न सोल’ जन्माला आलं. कापसाच्या गावात गाणं पिकलं आणि त्याच गावात ते तबकडीवर चढलं.

आपल्याकडे स्टुडिओ कापसाच्या गावी आला नाही. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग 1902 मध्ये कलकत्त्याला उतरला आणि तिथे त्याने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. सुरुवातीला तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. 1908 पासून कलकत्त्यात कारखाना सुरू झाला. मराठी गाण्याचं केंद्र मुंबई. पुढे 1930 च्या दशकात वडाळ्याला ‘यंग इंडिया’ ही देशी कंपनी निघाली, तीही मुंबईतच. मेणाच्या जाड चकत्या, त्या कोरणारं यंत्र, परदेशी तंत्रज्ञ, छापखाना, विक्रेते, या सगळ्यासाठी जे भांडवल लागायचं ते बंदराच्या शहरांतच होतं.

त्या खोलीत काय चालायचं ते जरा जवळून पाहावं. विजेचा मायक्रोफोन येण्याआधी गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा. आवाजाच्या दाबाने पडदा थरथरायचा आणि सुई मेणात रेघ कोरायची. तबल्याची थाप जोरात पडली तर सुई उडायची, म्हणून साथीदारांना मागे बसवायचे. चूक पुसता येत नसे. चकती वाया गेली की पुन्हा पहिल्यापासून. सगळं गाणं साधारण तीन-साडेतीन मिनिटांत बसवायचं. तासभर चालणारा ख्याल किंवा वन्समोअर घेत लांबणारं नाट्यपद या मापात कापून घ्यावं लागे. शेवटी गायक स्वतःचं नावही सांगून टाकत, कारण मूळ तबकडी परदेशी जायची आणि तिथे लेबल लावणाऱ्याला कुणाचा आवाज कुठला ते कळायला हवं.

1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोफोन आला आणि मराठी गाणं बदललं. रंगभूमीवरच्या गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. मायक्रोफोनपुढे हळू बोललं तरी चालत होतं. भावगीत हे या यंत्राचं अपत्य आहे. कवितेतला प्रत्येक शब्द कळावा, एकाच माणसाने एकाच माणसाला सांगावं असं गाणं त्याआधी तबकडीवर शक्यच नव्हतं.

आणि त्या भावगीताचा पाया घातला तो विदर्भाने. मेहकरचे वकील ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी स्वतः चाल लावून गायली. जोशीही वकीलच, वकिली नागपुरात. 1930 च्या दशकाच्या आरंभी ही तबकडी निघाली आणि घरोघरी वाजली. पहिलं मराठी भावगीत म्हणून तिचं नाव अनेक जण घेतात. शब्द मेहकरचे, गळा नागपुरी, तबकडी मात्र ग्रामोफोन कंपनीच्या एचएमव्हीची. 1938 मध्ये जोशी त्याच कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून गेले आणि कोर्ट कायमचं सुटलं. पुढची तीन दशकं मोठमोठ्या गवयांना माइकसमोर बसवण्याचं काम त्यांनी केलं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही 1967 ची गाजलेली तबकडी त्यांच्याच निर्मितीतली. रिक हॉल आपल्या गावी राहून जे करत होता, ते करायला जोशींना गाव सोडावं लागलं.

हा रस्ता पुढेही तसाच राहिला. नागपूरच्या राजा बढेंचं महाराष्ट्रगीत शाहीर साबळ्यांच्या आवाजात, श्रीनिवास खळे यांच्या चालीत घुमलं. अमरावतीच्या सुरेश भटांच्या गझला मुंबईतल्या गळ्यांनी महाराष्ट्रभर नेल्या. याचा अभिमान वाटावा असंच हे काम आहे. पण जे मुंबईला जाऊ शकलं नाही त्याचं काय?

आर्वीहून वर्धा नदी ओलांडली की तिवसा तालुका लागतो. तिथे वरखेडला आडकोजी महाराज, मोझरीला तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज. नदीच्या अलीकडे आर्वी तालुक्यातल्या टाकरखेड्याला तुकडोजींचे गुरुबंधू लहानुजी महाराज. या परिसरात खंजिरीचं भजन म्हणजे माणसं जागी करण्याचं साधन होतं. 16 ऑगस्ट 1942 रोजी ‘चले जाव’ चळवळीत आष्टीत उठाव झाला तेव्हा तुकडोजींची भजनं लोकांच्या तोंडी होती, आणि त्याच महिन्यात इंग्रज सरकारने महाराजांना अटक केली. असं भजन रात्रभर रंगतं. एक म्हणतो, दोनशे माणसं झेलतात, खंजिरीची लय वाढत जाते. साडेतीन मिनिटांत ते मावत नाही. भुलाबाईची गाणी, दंडार, खडी गंमत या इथल्या लोककलांचंही तेच. 1948 मध्ये नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झालं तेव्हा कुठे वऱ्हाडी बोलीला आणि इथल्या लोकगायकांना घराजवळचा माइक मिळाला.

खरा बदल कॅसेटने केला. 1980 च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, भरायलाही सोपी. मोठ्या कंपनीची परवानगी लागेना. भीमगीतांनी या संधीचं सोनं केलं. 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपुरातल्या धम्मदीक्षेनंतर वस्त्या-वस्त्यांतून गायन पार्ट्या उभ्या राहिल्या होत्याच. वामनदादा कर्डकांची गीतं मुखोद्गत होती, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज लाउडस्पीकरवर होता. कॅसेटमुळे ते सगळं घरात आलं. मेम्फिसच्या चर्चमधून आलेल्या गाण्याशी खरं नातं सांगायचं तर ते भीमगीताचं. अपमान सोसलेल्या समाजाने आपल्या श्रद्धेच्या गाण्यातून मान वर केली, हे दोन्हीकडे सारखंच.

भुलाबाईच्या गाण्यांना मात्र कॅसेटच्या काळातही फारसं कुणी विचारलं नाही. पुण्याजवळच्या गावांपासून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तसं काम वर्धा जिल्ह्यात व्हायला हवं, आणि त्याला आता कारखाना लागत नाही, मेणाची चकती लागत नाही. आर्वी, आष्टी, कारंजा तालुक्यांतल्या शाळा-महाविद्यालयांनी येत्या कोजागिरीला फोन घेऊन गावातल्या आज्यांपुढे बसावं, खंजिरीवाल्या मंडळांची रात्र अख्खी मुद्रित करावी, आणि प्रत्येक मुद्रणाला गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख लावावी.